करड्या वायरींना रंगीत दोरे

लिफ्टवाला गेला त्या दिवशी घरात माणसं मावेनात. कुणीतरी म्हणालं, आतल्या खोलीतलं ते मोठं टेबल भिंतीकडं सरकवा की, चार माणसं तरी टेकतील. चौघांनी धरलं आणि ओढलं. टेबलाखालनं तटतट तुटल्यासारखा आवाज आला. शिवणवाल्या मावशीनं तो ऐकला बरं का, पण त्या दिवशी तिला कसलं काय. नवरा गेलेला. आवाज मनात कुठंतरी पडून राहिला, एवढंच.

आता ते टेबल म्हणजे जेवायचं टेबल नव्हे. दोन दारांएवढी प्लायवूडची फळी आणि तिच्यावर लिफ्टवाल्यानं मांडलेली अख्खी आगगाडी. रूळ, बोगदा, पूल, काडेपेटीएवढी घरं, घरांत मिणमिणते दिवे, एक फलाट आणि फलाटावर नखाएवढी माणसं. बावीस वर्षं तो माणूस हेच करत होता. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची. शेजारी चेष्टेनं स्टेशनमास्तर म्हणायचे. तो म्हणायचा, "दिवसभर माझं वर आणि खाली, वर आणि खाली. संध्याकाळी जरा गोल फिरावंसं वाटतं."

कामावरून यायचा, चहा घ्यायचा की शिरला आतल्या खोलीत. मावशी बाहेरच्या खोलीत मशीनवर, लोकांचे शर्ट, पडदे, उशांचे अभ्रे शिवत. मध्ये एक भिंत. इकडं मशीनची खडखड, तिकडं गाडीची घरघर. भांडण नव्हतं हो त्यांचं. भांडायलासुद्धा समोरासमोर यावं लागतं ना. "वाढू का?" "वाढ." झालं बोलणं. मावशी बहिणीला सांगायची, माझी सवत सहा डब्यांची आहे. एकदा नवऱ्यासमोरच म्हणाली. तो मान वर न करता म्हणाला, "आठ डब्यांची. दोन अजून रंगवायचेत."

वायरी तो कामावरनंच आणायचा. जुनी लिफ्ट उतरवली की भेंडोळीच्या भेंडोळी टाकून देतात, ती हा मागून घ्यायचा. सगळी एकजात करडी. मावशी शिवणकामातली, तिला ते बघवायचं नाही.

"अहो, दोन-चार रंग तरी आणा. कोणती कुठली, कळायचं कसं?"

"मला कळतं ना."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी नसलो तर गाडी कोण चालवणार आहे?"

मावशी उठली. आपल्या कामाला लागली.

जायच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. त्यानं एक पितळेची चकती आणली होती, बिस्किटाएवढी, मध्ये लाल काच, मागं दोन स्क्रू. मशीनवर ठेवली. "हे राहू दे तुझ्याजवळ." मावशीला वाटलं, शोभेची असेल. चांगली जड होती, म्हणून ती कापडावर कागदी माप पसरलं की वजन म्हणून ठेवायला लागली. आठवड्यानं बघते तर हा मशीनमागच्या भिंतीला ड्रिल लावून भोक पाडतोय. आणि नेमके तेव्हा मशीनवर एका गिऱ्हाइकाचे पांढरेशुभ्र पडदे. वरनं चुन्याचा पाऊस. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आता तुमची गाडी काय माझ्या डोक्यावरनं न्यायची राहिलीय? एक खोली पुरली नाही?"

"अगं, ऐक तरी, मी तुझ्यासाठीच..."

"मला काही नकोय. ते भोक बुजवा आधी."

त्यानं बुजवलं. तिच्या त्या पडद्याच्या कापडाचीच एक उरलेली चिंधी घेऊन आतल्या बाजूनं कोंबली, बाहेरच्या बाजूनं कागद चिकटवला, वर कॅलेंडर टांगलं. पुन्हा म्हणून विषय काढला नाही. तसाच होता तो. एकदा नको म्हटलं की नको. आणि मावशीनं पडदे झटकले, विसरून गेली.

तर असा तो माणूस गेला. आठ महिने आतल्या खोलीचं दार लोटलेलंच. लांबच्या गावी मुलगा, त्याचा फोन आला.

"आई, माझ्या मित्राच्या ओळखीची एक नर्स आहे, तिला एक तारखेपासून खोली हवीय. तुलाही सोबत होईल. बाबांची ती फळी काढून टाकू या. घड्याळ दुरुस्त करणारे एकजण आहेत, त्यांना गाड्यांचा नाद आहे. ते येतील बघायला."

"येऊ देत की," मावशी म्हणाली. सोबत नको असं कोण म्हणेल? मशीन थांबलं की घरात एवढी शांतता व्हायची की नळ ठिबकला तरी माणूस आल्यासारखं वाटायचं.

घड्याळवाला आला. बारीक अंगाचा, बोटं लांब, चष्मा कपाळावर. फळीभोवती दोनदा फिरला, बोगद्यात डोकावला, म्हणाला, "वा." मग गाडीला वीज सोडायचा डबा होता, त्याचं बटण फिरवलं. काही नाही. वाकून खाली बघितलं आणि हात टेकले.

"मावशी, चालू असती तर मी फळीसकट उचलली असती. माझ्याकडं वर माळा मोकळा आहे. पण ह्या वायरी उपटल्यात, आणि सगळ्या एका रंगाच्या. ह्यात कोण डोकं घालणार? इंजिन नि डबे नेतो. बाकीचं भंगारात द्या."

भंगार म्हटलं आणि मावशीच्या कानात तो तटतट आवाज वाजला. बावीस वर्षांत तिनं त्या फळीकडं धड बघितलं नव्हतं. आणि आता ती मोडणार म्हटल्यावर तिनं फळीच्या कडेवर हात ठेवला.

"चालू झाली तर फळीसकट न्याल? काही न मोडता?"

"आनंदानं. पण चालू करणार कोण?"

"पुढच्या रविवारी या," मावशी म्हणाली. बास, तेवढंच.

सोमवारी सकाळी तिनं जमिनीवर जुनं पांघरूण टाकलं, डोळ्याला चष्मा, हातात टॉर्च, आणि गेली फळीखाली. साठी उलटलेली बाई, पाठीवर झोपून सरपटतेय. वर बघते तर नुसती करडी जाळी. बटणांच्या पट्टीपाशी अकरा टोकं लोंबत होती. प्रत्येक बटणाखाली त्यानं पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, पूल, बोगदा, फलाट, सांधा, घरं. एका बटणाखाली मात्र काहीच नव्हतं.

पहिला दिवस वाया गेला. एका टोकाला गाठ मारायची आणि दुसरं शोधायला जायची, तर मध्येच नजर दुसऱ्याच वायरीवर घसरायची. पाठ मोडली, पदरात काही नाही. चहा घेऊन मशीनपाशी बसली तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर गुंते सोडवले बाईनं, आणि गुंत्याकडं असं लांबनं बघायचं असतं का? बोट सोडायचं नाही, एवढंच तर असतं.

मग तिनं रिळांचा डबा उघडला. पुलाच्या रुळापाशी वायरीला लाल दोऱ्याचा सैल फास टाकायचा आणि तो फास वायरीवरनं सरकवत सरकवत शेवटापर्यंत न्यायचा. सरकणारा फास काही चुकून शेजारणीकडं जात नाही. पुलाला लाल, बोगद्याला पिवळा, सांध्याला, म्हणजे रूळ बदलतात तिथं, निळा, घरांना हिरवा.

तरी मनात पाल चुकचुकतच होती, म्हणून मंगळवारी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडं गेली.

"काय मावशी, मशीनला मोटर बसवताय?"

"नाही. आगगाडी चालवायचीय."

तो हसला. "म्हणजे मास्तरांच्या जागी तुमची नेमणूक झाली म्हणायची."

"पगार नाही, नुसती जागा. वायर तीच आहे का हे कसं बघतात, ते सांग."

त्यानं एक सेल आणि टॉर्चचा बल्ब जोडून दिला. एक टोक इथं, एक टोक तिथं, बल्ब लागला तर वायर तीच. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, मास्तरांनी माझी शिडी कितीदा दुरुस्त करून दिलीय.

बुधवारी संध्याकाळी नऊ वायरी बसल्या. मावशीनं डब्याचं बटण हळूच फिरवलं. गाडी हलली. हलली, पण उलटी. इंजिन मागं आणि आठवा डबा पुढं, अशी बोगद्यातनं शेपटीकडून बाहेर आली. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. मावशीला असं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. कोण ऐकणार? मग हसू आपोआप विरलं. तिनं त्या दोन वायरी काढून बदलून लावल्या, आणि गाडी सुतासारखी सरळ गेली. पूल, बोगदा, वळण, फलाट.

राहिल्या दोन. गुरुवारी त्यांना तिनं पांढरे दोरे घातले आणि फास सरकवत निघाली. वायरी फळीच्या पायावरनं खाली उतरल्या, भिंतीच्या कडेनं गेल्या आणि भिंतीत शिरल्या. तिथं एक चिंधी कोंबलेली. मावशीनं ती ओढून काढली. पांढरी. विणीवरनंच ओळखली तिनं. आपण शिवलेलं कापड माणूस विसरत नाही.

ती तशीच उठून बाहेरच्या खोलीत आली, कॅलेंडर उतरवलं, कागद खरवडला. भोकात दोन टोकं होती, चिकटपट्टी गुंडाळून नीट ठेवलेली. म्हणजे बुजवण्याआधी त्यानं वायरी ओढून ठेवल्या होत्या. सहा वर्षं तिच्या मशीनमागं वीतभर अंतरावर होत्या त्या.

ती खुर्चीवर बसली. समोर एका शर्टाचं कागदी माप, आणि त्यावर ती पितळेची चकती. लाल काच. मागं दोन स्क्रू. आणि मग तिला लिफ्टचं दार आठवलं. प्रत्येक मजल्यावर दाराशेजारी असाच लाल डोळा असतो. लिफ्ट आपल्या मजल्यावर आली की तो लागतो.

जोडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आतल्या फलाटापाशी रुळांमध्ये पत्र्याची एक बारीक पट्टी होती, ती तिनं कचरा म्हणून उचकटायला घेतली होती एकदा. इंजिनाच्या पोटानं ती दबली की इकडं दिवा. तिनं न लिहिलेलं बटण दाबलं, गाडी सोडली आणि येऊन मशीनवर बसली. घरघर जवळ आली. लाल दिवा लागला. गाडी फलाटावर होती तोवर राहिला, आणि विझला.

पुन्हा लागला. पुन्हा विझला.

असा तो दर फेरीला लागत होता, आणि तिकडं खोलीत कुणी नव्हतं. गाडी आपली आपण येत होती, जात होती. मावशीला ते चार फेऱ्यांवर सोसलं नाही. उठून बंद केली.

रविवारी घड्याळवाला आला, बघतो तर गाडी चालू. त्यानं चष्मा कपाळावरनं नाकावर घेतला आणि फळीखाली वाकला.

"हे काय मावशी, वायरिंग केलंय की शिवलंय?"

"टाचून ठेवलंय. पक्की शिलाई तुम्ही घाला."

ती एकेक दोरा दाखवत गेली आणि तो मान हलवत गेला. "हे दोरे मी काढणार नाही," म्हणाला. "वायरीसुद्धा ह्याच ठेवीन. आणि हे दोन पांढरे कुठं चाललेत?"

"भिंतीपलीकडं. तिकडं माझं मशीन आहे, त्याच्यावर एक दिवा आहे. गाडी आली की लागतो."

घड्याळवाल्यानं पांढऱ्या दोऱ्यांवरनं भिंतीपर्यंत बोट फिरवलं. "मग हे तर कापावे लागणार."

"कापा. त्याला इलाज नाही." मावशी दाराशी जाऊन थांबली. "पण घाई नसली तर एक काम कराल? मला एका शर्टाची कॉलर लावायचीय, गिऱ्हाईक संध्याकाळी यायचंय. तेवढा वेळ गाडी फिरवत बसाल इथं?"

"बसतो की. फुकटात बसायला मिळतंय."

मावशी जाऊन मशीनवर बसली. सुई कापडात घातली. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, माणूस खाकरला, बटण फिरलं, घरघर सुरू झाली. इकडं मशीनची खडखड. लाल दिवा लागला.

"आली," मावशी म्हणाली.

"काही म्हणालात का?" भिंतीपलीकडनं आवाज आला.

"नाही नाही. चालू द्या."

कॉलर लागली. तिनं हाक मारली नाही. कॉलरला कडेनं आणखी एक शिलाई घातली, जिची काही गरज नव्हती. मग तिसरी घातली. दिवा लागत होता, विझत होता, आणि तिकडं माणूस बसलेला होता. अकरा फेऱ्या झाल्या. तो एकदाही म्हणाला नाही की मावशी, उरका.

"झालं," ती म्हणाली.

घरघर थांबली. पकडीचा आवाज आला, एकदा आणि पुन्हा एकदा. मग टेम्पोवाल्याला हाक, पावलं, "जपून, बोगदा सांभाळा," आणि मग काहीच नाही. कॉलरची तिसरी शिलाई मावशीनं बसल्या बसल्या उसवून काढली. कॉलर कडक झाली असती.

एक तारखेला नर्स आली. चांगली मुलगी, पण ड्यूटी रात्रीची, दिवसा झोपायची. तिची झोप मोडू नये म्हणून मावशीनं मशीनला तेल घातलं आणि सावकाश चालवायला लागली. तिसऱ्या दिवशी नर्स दारात येऊन म्हणाली, "मावशी, माझ्या खोलीत भिंतीतनं दोन वायरी आल्यात, पांढरे दोरे बांधलेल्या. ओढून टाकू का?"

"राहू देत," मावशी म्हणाली. "कशाला लावलेल्या नाहीत."

आणि चकती उचलून तिनं कागदावर ठेवायला घेतली, तर ती वायरीला जोडलेली. तेवढीशी सरकली आणि थांबली. मग स्क्रू न सोडता मावशीनं कागदावर कात्री ठेवली वजनाला, आणि कापायला घ्यायची तेव्हा दर वेळी तीच उचलत बसली.