न तुटलेला पट्टा

शिवदास मिस्त्री गेल्याचे मला किराणा दुकानात, साखर बांधून घेताना कळले. दुकानदार सहज बोलला, मी मान हलवली आणि लांबच्या रस्त्याने घरी आलो. त्यांच्या दारावरून जाण्याचे धैर्य मला झाले नाही… याला आता सहा आठवडे होतील.

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि अमडापूरला परतून, नको त्या वयात, सुतारकामाला लागलो. टेबलावर मावणारे, फळ्या एकसारख्या जाडीच्या तासून देणारे यंत्र घेतले. मग ते सुरू करण्याचीच भीती वाटू लागली. तेव्हा गावातले म्हातारे सुतार, मिस्त्री, शिकवायला आले. आयुष्यभर त्यांनी हाताने रंधा मारलेला, तरी यंत्राविषयी त्यांना ना राग होता ना अप्रूप. फळी आत सारण्यापूर्वी ते तिच्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघोट्या ओढत. रेघ उरली तिथे पाते पोचले नाही, असे समजायचे. मग डोळे मिटून तळवा फिरवत आणि लाकडाचे तंतू कुठल्या बाजूला चढतात ते ठरवत. त्या तंतूंची शास्त्रीय नावे मला पाठ होती, दिशा मात्र कळत नव्हती. ते म्हणत, “सर, तुमाले झाडाचं सारं मालूम हाये. कापल्यावर ते काय करते, तेवढंच राह्यलं.” खोक्यांच्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, फळ्यांवर माझा हात बसला. नरम लाकूड ते. खोल काप घेतला तरी निमूटपणे सोलून निघे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा खांदा गेला, आणि पाठोपाठ घराबाहेर पडणेही थांबले. विहारातल्या बुद्धमूर्तीसाठी बुद्धपौर्णिमेपूर्वी एक आसन करावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्यांच्या वडिलांनी बैलगाडीसाठी राखलेली जुन्या बाभळीची एकुलती एक फळी त्यांनी माझ्या हाती दिली. “चिडाले घाई चालते, बाभळीले नाही. केसाएवढं घ्या, अन् अडलं त मले बलवा.”

मी चिडाच्या सवयीने काप खोल ठेवला आणि फळी उलट्या बाजूने सारली. ती बाहेर आली तेव्हा मधोमध बोटभर लांबीचा लचका निघाला होता. विचारा, लाजू नका, असे वर्गात वर्षानुवर्षे सांगणारा मी. त्यांना बोलावू शकलो नाही. त्यांचा फोन आला तेव्हा यंत्राचे पाते फिरवणारा पट्टा तुटल्याचे सांगितले. ते हसून म्हणाले, मशीन झाली तरी थकतेच. पुढे दोनदा विचारले, दोनदा मी पट्टा मिळत नसल्याचे सांगितले. पौर्णिमा झाली, मूर्ती जुन्याच टेबलावर राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

अखेर मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी कमलताईंनी चहा दिला आणि कपाटातून एक पुडके काढून माझ्यापुढे ठेवले. आत यंत्राचा नवा पट्टा होता. यंत्रावरचा नंबर मिस्त्रींनी कधी उतरवून घेतला होता कुणास ठाऊक. जाण्याच्या चार दिवस आधी त्यांनी पुतण्याला तेवढ्यासाठी मलकापूरला धाडले होते.

“ते मनत, सरले दुकानात विचाराले लाज वाटत असन,” कमलताई म्हणाल्या.

मी खाली मान घालून खरे ते सांगितले. त्यांनी पुडके पुन्हा बांधून माझ्या हातात दिले.

“एवढंच होतं?” त्या म्हणाल्या. “मंग सांगाचं होतं ना, सर. त्याइनं फळी फिरवून देल्ली असती.”

घरी येऊन मी फळी फिरवली. रेघोट्या ओढल्या, केसाएवढे काप घेतले. आठव्या कापाला लचक्याची खूण नाहीशी झाली. एकूण पाव तास लागला… आसन आता विहारात आहे. नवा पट्टा यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगला आहे. जुना अजून उत्तम चालतो.