पकडा आणि सोडा

विमान अँकरेजवर उतरायला लागलं तेव्हा बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. खाली बर्फाचे डोंगर, त्यांच्यामधून वाहत येणारी राखाडी पाण्याची नदी आणि समुद्राच्या तोंडाशी पसरलेला मैलोन् मैल चिखल. बाकीचे प्रवासी डोंगरांचे फोटो काढत होते. बाबा चिखलाकडे बघत होते. "ओहोटी आहे," ते म्हणाले. "पाणी चढलं की मासा आत येईल."

बाबा वेंगुर्ल्याचे. आयुष्यभर एसटीत नोकरी केली, पण रविवारी सकाळी खाडीच्या कडेला गरी (काठीला दोरा बांधून केलेला गळ) टाकून बसलेले नसले तर ते आजारी असणार, असं आम्ही समजायचो. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते माझ्याकडे हर्नडनला आले होते. माझा धाकटा भाऊ मिलिंद न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला असतो. त्याने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, या समरला तुम्हाला अलास्काला नेतो. किंग सॅमन पकडायला." किंग म्हणजे सॅमनच्या जातीतला सगळ्यात मोठा मासा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत परत येतो, तिथेच मरतो. हे ऐकल्यापासून बाबांनी दुसरं काही बोलायचं सोडून दिलं होतं.

मिलिंद आमच्या आधी पोहोचला होता. त्याने भाड्याची गाडी घेतली आणि आम्ही दक्षिणेला निघालो. रस्ता एका बाजूने डोंगर आणि दुसऱ्या बाजूने खाडी धरून जातो. जुलै असूनही डोंगरांवर बर्फाचे पट्टे होते, आणि रस्त्याच्या कडेला जांभळ्या फुलांचे नुसते ताटवे. बाबांनी एका वळणावर गाडी थांबवायला लावली, खाली उतरून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वास आपल्यासारखाच आहे. थंड केलेला." पुढे एका टपरीवजा हॉटेलात आम्ही हॅलिबट (चपटा, पांढऱ्या मांसाचा समुद्रातला मासा) तळलेला खाल्ला. बाबांना कोटिंग पसंत पडलं नाही, मासा पसंत पडला. त्यांनी बॅगेतून तिरफळांची पुडी काढून मला दाखवली. आपण पकडलेल्या माशाची आमटी ते लॉजच्या स्वयंपाकघरात स्वतः करणार होते.

मासेमारीचा परवाना घ्यायला आम्ही एका दुकानात शिरलो. काउंटरवरच्या दाढीवाल्या माणसाने परवाने देताना विचारलं, "तुम्ही आजचे नियम बघितलेत ना? या वर्षी सारखे बदलतायत." आम्ही काही बोलायच्या आत मिलिंद म्हणाला, "येस, येस, वी आर गुड," आणि आम्हाला घाईघाईने बाहेर काढलं. मला जरा विचित्र वाटलं. पण समोर नदी दिसत होती, आणि दुधात निळा रंग कालवल्यासारखं ते पाणी बघून मी विसरून गेले.

नदीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

लॉज चालवणारी बाई लोर्ना, साठीची, केस पांढरे, बोलणं तोडून. तिने खोल्यांच्या किल्ल्या दिल्या, कॉफी दिली आणि म्हणाली, "उद्यापासून किंग ठेवता येणार नाही, माहीत आहे ना? पकडायचा आणि सोडायचा. आमिष नाही, एकच गळ, आणि मासा पाण्याबाहेर काढायचा नाही."

मला काही कळेना. मी विचारलं, कधी ठरलं हे? तिने सांगितलं की हंगाम चालू असतानाही मत्स्यखातं असे तातडीचे हुकूम काढतं. नदीत किती मासा चढतोय ते मोजतात, आणि पुरेसा चढला नाही की नियम आवळतात. यंदा किंग फार कमी आलेत.

माझं डोकं फिरलं. मी तिला नको ते बोलले. आमच्याकडून बुकिंग घेताना हे का सांगितलं नाही, एक म्हातारा माणूस देशाच्या दुसऱ्या टोकापासून येतोय हे तुम्हाला ठाऊक होतं, तुम्हाला फक्त खोल्या भरायच्यात, असं सगळं. लोर्नाने मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "मी मागच्या आठवड्यात तुझ्या भावाला फोन केला होता. नुसतं हे नाही, नदी पूर्ण बंद होईल असंही सांगितलं. बुकिंग सोडायचं असेल तर सोडा म्हटलं. तो म्हणाला, आम्ही येतोय."

मी मिलिंदकडे वळले. तो कॉफी ढवळत होता.

"तुला माहीत होतं?"

"ताई, सांगितलं असतं तर तू ट्रिप कॅन्सल केली असतीस. बाबा किती एक्साइट झाले होते यार. आणि कॅच अँड रिलीज अलाउड आहे. मजा तीच असते."

बाबांना इंग्रजी समजतं, पण लोर्नाचा वेग त्यांना झेपला नव्हता. मी त्यांना सगळं मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "पकडायचा आणि सोडायचा?"

"हो बाबा. तोंडातून गळ काढायचा आणि सोडून द्यायचा."

"मग पकडायचा कशाला? खायचा असेल तर पकडावा. आपल्याकडे पावसाळ्यात बंदी असते, तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात. कोणी असं म्हणत नाही की, जा, जाळं टाका आणि मग मासा परत सोडा. मासा कमी आहे तर त्याला सुखाने जाऊ द्या ना."

"बाबा, इथे स्पोर्ट म्हणून करतात," मिलिंद म्हणाला.

"कोणाचा स्पोर्ट?" बाबांनी विचारलं.

सकाळी होडी ठरलेली होती. मी जायला तयार नव्हते, पण बाबांना नदी बघायची होती. ते म्हणाले, "मी बसेन. गळ टाकणार नाही." लोर्नाच्या लॉजचा वाटाड्या ट्रॅव्हिस नावाचा तिशीतला माणूस होता, हसरा, बडबड्या. त्याने वल्ह्यांची होडी प्रवाहात सोडली आणि काठावरची अस्वलाची पावलं दाखवली, झाडाच्या शेंड्यावरचा गरुड दाखवला. पाणी इतकं गार होतं की हात बुडवून क्षणभरही ठेववेना. खरं सांगायचं तर मी रागावलेली असूनही ती नदी सुंदर होती, आणि त्याचाही मला राग येत होता.

मिलिंदने गळ टाकला. दोन वळणं गेली, काही नाही. तिसऱ्या वळणावर, एका खोल डोहात, त्याचा रॉड एकदम कमानीसारखा वाकला आणि दोरा सूं करून सुटायला लागला. ट्रॅव्हिस ओरडून सूचना देत होता, वल्ही मारत होता. मासा खाली गेला, वर आला, होडीखालून पलीकडे गेला. मिलिंदचा चेहरा घामाने भिजला होता. लहानपणी पतंग काटल्यावर दिसायचा तसा तो दिसत होता. तेवढ्यापुरतं मलाही वाटलं, येऊ दे. हे मी लपवत नाही.

मासा होडीला लागला तेव्हा मी पहिल्यांदा किंग पाहिला. माझ्या मांडीएवढा जाड, पाठीवर काळे ठिपके, अंग लालसर झालेलं. तो दमून आडवा झाला होता. बाबा वाकून बघत होते. "मादी आहे," ते हळूच म्हणाले. "गाभोळी भरलीय." (गाभोळी म्हणजे माशाची अंडी.)

ट्रॅव्हिसने गळ सोडवायला पक्कड बाहेर काढली. मिलिंद म्हणाला, "वन फोटो. प्लीज. जस्ट वन."

"पाण्यातच ठेव," मी म्हणाले. "मिलिंद, पाण्याबाहेर काढायचा नाही."

ट्रॅव्हिसने नदीच्या वर-खाली नजर टाकली. दुसरी होडी नव्हती. त्याने खांदे उडवले. "लवकर कर," म्हणाला आणि मिलिंदचा फोन हातात घेतला.

मिलिंदने दोन्ही हात खाली घालून तिला उचललं. तिने एक हिसका दिला. ती त्याच्या हातातून निसटली आणि होडीच्या तळावर आदळली, वल्ह्याच्या कडीवर तिचे कल्ले (माशाची श्वास घ्यायची लाल पानं) फाटले. रक्त इतकं आलं की माझे बूट लाल झाले. ती तडफडत होती आणि तिच्या पोटाखालून नारिंगी अंडी तळावर सांडत होती. मिलिंद पकडायला गेला, पुन्हा निसटली. शेवटी बाबांनीच दोन्ही गुडघे टेकून तिला छातीशी धरलं आणि पाण्यात सोडलं. शेपटीजवळ धरून, तोंड प्रवाहाकडे करून ते तिला मागे-पुढे हलवत राहिले. गार पाण्यात त्यांचे हात निळे पडले. मी म्हणाले, बाबा, पुरे. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी हात काढला तेव्हा ती पांढरं पोट वर करून वाहायला लागली.

"शी विल बी फाइन," ट्रॅव्हिस म्हणाला.

"ती मेलीय," मी म्हणाले.

बाबा म्हणाले, आता निदान घेऊ द्या, खाऊ तरी. मी ट्रॅव्हिसला विचारलं. त्याने मान हलवली. मेलेली असली तरी ठेवता येत नाही. ती पुढे वाहत गेली, एका ओंडक्याला अडकली, आणि गरुड झाडावरून खाली आला. बाबांनी तिकडे पाठ केली. त्यांच्या शर्टाला अंडी चिकटली होती. मिलिंद फोनमध्ये बघत होता, फोटो नीट आलाय का ते.

मी त्याच्या हातातून फोन हिसकावून नदीत फेकणार होते. फेकला नाही. आयुष्यात इतका राग मला क्वचितच आला असेल, आणि होडीत उठून जायला जागा नसते.

खालच्या धक्क्यावर खात्याची एक तरुण अधिकारी उभी होती. उतरणाऱ्या प्रत्येक होडीला ती विचारत होती, काय मिळालं, काय सोडलं. ट्रॅव्हिसने हसून सांगितलं, "एक किंग. छान सोडला. नो प्रॉब्लेम." मिलिंदने मान डोलावली. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी बाबा पुढे झाले.

"नो," ते म्हणाले. त्यांनी शर्टावरची अंडी दाखवली. "फिश डेड. लेडी फिश. माय सन टेक अप, फोटो. फिश फॉल डाउन. डेड."

मिलिंद मराठीत पुटपुटला, "बाबा, काय करताय तुम्ही?"

"जे झालं ते सांगतोय," बाबा म्हणाले. "ती मोजतेय. तिला खरं कळायला नको?"

अधिकारी ओरडली नाही, उपदेशही केला नाही. डोह कुठला, मादी होती का, अंडी पिकलेली होती का, एवढं तिने विचारलं. मी बाबांचं बोलणं तिला समजावून सांगितलं. मग तिने मिलिंदला आणि ट्रॅव्हिसला, दोघांनाही दंड केला. ट्रॅव्हिसचं हसू पहिल्यांदाच मावळलं. जाताना ती बाबांना म्हणाली, "थँक यू, सर." बाबांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा हुकूम आला. किंगसाठी नदी पूर्ण बंद. पकडणं नाही, सोडणं नाही, गळच टाकायचा नाही. लोर्ना ओसरीवर बसून एकेका पाहुण्याला फोन करून यायला नको म्हणून सांगत होती. ट्रॅव्हिसला तिने आदल्याच दिवशी काढून टाकलं होतं. मी आधी तिच्यावर ओरडले होते त्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "माझा उन्हाळा बुडाला. तरी म्हणते, आठवड्यापूर्वीच बंद करायला हवी होती. पकडा-सोडा करून आम्ही सगळे स्वतःला फसवत होतो." मग तिने बाबांसाठी मुद्दाम ऑम्लेट केलं. बाबांनी ते खाल्लं. उरलेल्या दिवसांत त्यांनी माशाला हात लावला नाही. तिरफळांची पुडी त्यांनी लोर्नाला देऊन टाकली आणि आमटी कशी करायची ते मला इंग्रजीत सांगायला लावलं.

परतीचा रस्ताही तोच. तेच डोंगर, तीच जांभळी फुलं. अँकरेजला मिलिंदचं विमान आमच्या आधी होतं. तो बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

हर्नडनला आल्यावर सगळे विचारतात, अलास्का कसं होतं? मी सांगते की डोंगर फोटोत दिसतात त्याहून मोठे आहेत. मग उरलेलं सांगायला लागते आणि लोक ताटाकडे बघायला लागतात. काहीजण म्हणतात, एका माशाचं एवढं काय. मला हेच ऐकून डोक्यात तिडीक जाते. ती मादी समुद्रातून सगळी जाळी, सगळे सील चुकवून त्या डोहापर्यंत आली होती. नदी अडचणीत आहे हे लोर्नाला माहीत होतं, ट्रॅव्हिसला माहीत होतं, मिलिंदला माहीत होतं. त्या सकाळी मलाही माहीत होतं, आणि मी होडीत बसले. नियम रोज बदलतात म्हणून आम्ही कुरकुरत होतो. नियम नदीच्या मागे धावत होते, धापा टाकत, आणि आम्ही नियम जेवढी फट ठेवतील तेवढ्या फटीतून हात घालत होतो.

बाबांच्या परतीच्या दिवशी मिलिंद पिस्कॅटवेहून गाडी चालवत आला, त्यांना निरोप द्यायला. विमानतळाच्या पार्किंगमध्ये बाबा जॅकेट चढवत होते. मिलिंद माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, अजून राग आहे?"

"आहे."

"मी दंड भरला ना. सॉरीपण म्हणालो."

"तुला आधीपासून माहीत होतं, मिलिंद. नदी बंद होणार आहे हे माहीत असून तू गळ टाकलास."

मला वाटलं, आता हो म्हणेल.

"पण त्या दिवशी ते टेक्निकली अलाउड होतं," तो म्हणाला, आणि बाबांची बॅग घ्यायला हात पुढे केला.

मी बॅग दिली नाही. स्वतः उचलली आणि बाबांच्या मागून चालायला लागले.