ती गप्प बसायला शिकली

प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायचं, ही तिची सवय. "पोरांनो, पाण्यात राहतो, डराव डराव करतो, कोण?" इथपर्यंत ठीक. पण पोरांनी तोंड उघडायच्या आत ही फळ्यापुढं उकिडवी बसून उडी मारायची. "बेडूक. हाव का न्हाई?" पोरं खूश होऊन "हाव" म्हणायची. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांच्या वर्गात पोरं खूप हसतात, बोलतात मात्र फक्त बाई.

नांदेडच्या एका खासगी शाळेत तिचा पहिलीचा वर्ग माझ्या दुसरीच्या वर्गाला लागून होता. मध्ये नुसतं पार्टिशन. तिनं वाघ शिकवायला घेतला की माझी पोरं पाढे विसरायची. ती देगलूरची. वडलांचं तिथं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं जुनं दुकान. घरात दखनी उर्दू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी, आणि तिच्या बोलण्यात तिन्ही. मी लातूरकडची, मुरुडची, तिच्याहून बरीच मोठी, म्हणून ती मला ताई म्हणायची. कसलीही अडचण आली तरी तिचं ठरलेलं वाक्य एकच: "होतंय की, ताई."

एकदा मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता ती म्हणाली, "ताई, नेदरलँडला जाऊन शिकावं म्हणून राहिले."

"काय शिकायचं?"

"पहिलीला शिकवायला."

"ते तर तू इथं शिकवायलीसच की."

मग तिनं समजावलं. जगभर अशा शाळा असतात, जिथं एकाच वर्गात देशोदेशीची पोरं बसतात. कुणाला कुणाची भाषा येत नाही. अशा प्राथमिक शाळांसाठी शिक्षक घडवणारं एक कॉलेज तिकडं होतं, आणि निवड झाली तर शिष्यवृत्तीही. "आमच्या गल्लीसारखंच हाय," ती म्हणाली, "फक्त लई मोठी गल्ली."

मुलाखत ऑनलाइन होती, आमच्या स्टाफरूममध्ये. ऐन वेळी लाइट गेली. मी माझ्या मोबाइलचं नेट जोडून दिलं. पलीकडं दोन मॅडम आणि एक सर. ते इंग्रजीत म्हणाले, समजा आम्ही सहा वर्षांचे आहोत, तुमच्या गावाकडचं काहीतरी शिकवा. हिनं क्षणभर इकडं तिकडं बघितलं आणि मला नि शाळेतल्या मावशींना हाताला धरून पुढं ओढलं. आम्ही दोघी ज्वारी खाणाऱ्या चिमण्या. ती राखणदार. ओढणीची गोफण करून ती हाकारे घालायला लागली. थोड्या वेळानं पडद्यावरचे तिघं खुर्च्या सोडून उभे राहिले आणि आपापल्या खोलीत पाखरं हाकलू लागले. कॉल संपल्यावर दम खात मावशींनी विचारलं, "ते साहेब खरंच साहेब होते का?"

निवड झाली. घरी सांगायला जाताना ती मलाही देगलूरला घेऊन गेली. अम्मी म्हणाली, "तिथं रोटी करून कोण घालील तुला?" अब्बू पंख्याचं वाइंडिंग करत होते. त्यांनी हातातला फेरा पुरा केला आणि विचारलं, "तिथली शाळा सकाळची की दुपारची?"

"सकाळची, अब्बू."

"मग लवकर उठायची सवय कर."

परवानगी मिळाली होती, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

तिकडून रविवारी फोन यायचा. सरावासाठी दिलेल्या शाळेत सायकलवरून जावं लागायचं आणि हिला सायकल येत नव्हती. वर्गातली एक चिमुरडी संध्याकाळी मैदानात हिला शिकवायची. "ताई, पोरं मला सरळ नावानं हाक मारतात. अब्बूंनी पण एवढ्यांदा माझं नाव घेतलं नसंल." हसून हसून तिला ठसका लागायचा.

मग एका रविवारी आवाज बारीक. सरावाच्या वर्गात तिच्या मार्गदर्शक मॅडम मागं बसल्या होत्या. तास संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मला फक्त तुझा आवाज ऐकू आला." पुढच्या पाहणीत हेच दिसलं तर सरावाचं वर्ष पुन्हा करावं लागणार होतं.

"मी चांगली बाई हाय असं वाटायचं मला," ती रडत म्हणाली.

"मग प्रश्न विचारून थांबत का नाहीस?"

तिनं नाक पुसलं. मग म्हणाली, "थांबलं की भीती वाटती, ताई. पोरगं चुकलं, सगळे हसले, तर? म्हणून मीच सांगून टाकते."

तिच्या त्या बेडूकउड्यांमागं हे असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पुढच्या पाहणीच्या दिवशी तिनं पाण्याची परात मांडली. त्यात कॉर्क टाकला, दगड टाकला आणि विचारलं, "हा बुडाला, तो का तरंगला?" वर्गात जपानहून नुकतीच आलेली एक मुलगी होती. तिनं तोवर एक शब्दही उच्चारला नव्हता. "ताई, मी हात मागं बांधले, जीभ दाताखाली धरली. उत्तर पार ओठावर आलं होतं माझ्या." वर्ग चुळबुळला. ही थांबली. शेवटी ती मुलगी उठली, परातीतून ओला दगड उचलला आणि हिच्या तळहातावर ठेवला. हळूच म्हणाली, "जड."

मागं मार्गदर्शक मॅडम चष्मा पुसत होत्या म्हणे. आमच्या बाईंनी मात्र तेवढ्या आनंदातही त्या मुलीलाच पुढं बोलू दिलं.

ती पास झाली. पोर्तुगालमधल्या एका शाळेत तिला पहिलीचाच वर्ग मिळाला. मध्ये काही दिवस घरी आली, तेव्हा दुखरा गुडघा घेऊन मी देगलूरला गेले. "गुडघा कसा हाय, ताई?" तिनं विचारलं आणि माझ्याकडं बघत राहिली. सवयीनं मी तीच काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहिली. ती बोलेना. मग मला गुडघ्याचं सगळं सविस्तर सांगावं लागलं, आणि सांगताना फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी हैदराबादच्या विमानतळाकडं जाणारी गाडी दारात आली. अम्मीनं ड्रायव्हरला सावकाश चालवायची ताकीद दिली. मग ही मला घट्ट बिलगली, गाडीत बसली आणि वळणापर्यंत काचेतून हात हलवत राहिली.

समोरच्या किराणावाल्यानं विचारलं, "लेक सासरी निघाली का, भाई?"

"न्हाई," अब्बू दुकानाचं शटर वर सरकवत म्हणाले. "सोमवारी शाळा हाय तिची."