धुळीत पडलेलं सूत

रुपरावला पारशिवनीकडच्या एका टेकडीतल्या भुयाराचं वेड होतं, आणि हे त्याच्या बायकोला लग्नाआधी कुणीच सांगितलं नव्हतं. आठवडाभर नागपुरात हातमागावर बसायचं नि रविवारी एसटीनं टेकडी गाठायची. सहलीला येणारी मंडळी वाट चुकू नये म्हणून आतल्या भिंतींवर कोळशानं बाण काढत, वर आपली नावंही लिहून ठेवत. रुपरावच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तो स्वतः भुयाराच्या तोंडाशी सुताचं टोक बांधून कांडी उलगडत आत जाई आणि येताना तेच सूत गुंडाळत बाहेर येई. भिंतीला ओरखडा नाही, खाली काडी नाही. बायको, कौसल्या, बाहेर राखणीला बसे.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात कौसल्या बाळंतपणाला माहेरी होती. भुयारात वटवाघळांची पिल्लं झालेली. या दिवसांत रुपराव आत पाऊल टाकत नसे. पण सहलीवाले पार आतपर्यंत काचा नि शिळं अन्न टाकून गेल्याचं कळलं. ते उचलायला तो निघाला, आईला, बायजाबाईला सोबत घेऊन.

"मी येतपर्यंत इथंच बस वं माय."

"हो गा."

परक्याला तो दहादा बजावी, सुताला हात लावू नका. पण बायजाबाईचा जन्म मागावर गेलेला. तिला सुताबद्दल काय शिकवायचं?

बायजाबाईनं पाहिलं, चांगलं सूत धुळीत पडलंय. विणकराच्या घरात खाली पडलेलं सूत कुणी तसंच राहू देत नाही. तिनं गाठ सोडली आणि हळूहळू ओढून सारं गुंडाळून घेतलं.

आत रुपराव पोतं भरून वळला, तर खाली ठेवलेली कांडी रिकामी. तो घाबरला नाही. वाट चुकली की जागीच बसायचं, कंदील बारीक करायचा, बाहेरचं माणूस मदत आणील, हा त्याचाच नियम होता.

मदत आली. दुपार कलताना बायजाबाई रडत गावात धावली आणि वीस माणसं मातीच्या तेलाचे टेंभे पेटवून आत शिरली. धुराचा वास येताच रुपराव जीव तोडून ओरडला, "टेंभे इझवा! पिल्लं हायेत!" नुसता घुमारा त्यांच्यापर्यंत पोचला. माणूस मरतोय असं वाटून ते आणखी घाईनं पुढे आले.

परतीची वाट वटवाघळांच्या दालनातून होती. छत काळं पडलं होतं. खाली पिल्लंच पिल्लं, पाय ठेवायला जागा नाही. दोघांनी रुपरावला बखोटीला धरलं होतं. तो पिल्लांवरूनच चालत आला.

"काहून रडून राहिला गा? सापडला ना तू!" बायजाबाईनं त्याला छातीशी धरलं.

"धूर गेला वं डोळ्यात."

तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले आणि सुताची गुंडी त्याच्या हातात दिली. "धुळीत पडलं होतं. एक तार तुटू देली नाही मी."

रुपरावला सगळं कळलं. आपण सांगायला हवं होतं, हेही कळलं. "बरं केलं, माय," तो म्हणाला.

वटवाघळं परत आली नाहीत. बायजाबाई आणखी नऊ वर्षं जगली. पोराचा जीव वाचवणाऱ्या गावकऱ्यांसाठी ती दर वैशाखात लाडू करी. रुपराव डबा घेऊन जाई, टेकडीकडे पाठ करून उभा राही नि एकेकाच्या हातात लाडू ठेवून पाया पडे. आईनं तसं बजावलेलं असे.