आईंची पाठ आणि आमची गाडी

हे मी मंदारला सांगितलेलं नाही. माझ्या बहिणीलाही नाही, जिला मी सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही आमच्या घरी जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका गाडीची आहे. खरं तर गाडीच्या सस्पेन्शनची. हसू नका. मलाही कधीकधी वाटतं की एवढ्याशा गोष्टीवर माणूस इतकी वर्षं तोंड मिटून कसा बसू शकतो. पण बसलेय.

मी वोल्फ्सबुर्गजवळच्या एका खेड्यात राहते. नवरा मंदार, मुलगी इरा, आणि मी. मी डॅम्पर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला आहे — डॅम्पर म्हणजे आपण ज्याला शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणतो तेच. गाडीत बसलेल्या माणसाला रस्ता किती लागतो, हे मोजणं माझं काम. मंदार सॉफ्टवेअरमध्ये. त्याला गाड्यांमधलं काही कळत नव्हतं, आणि हे त्याला स्वतःला मान्य होतं, असं निदान मला वाटत होतं.

मग आमची जुनी गाडी रडायला लागली आणि नवी घ्यायचं ठरलं.

तुम्ही कधी जर्मनीतल्या मराठी माणसाला गाडी घेताना बघितलंय? आधी फोरम. मग व्हिडिओ. मग म्युनिकचा कुणी मित्र, मग त्या मित्राचा शेजारी. मंदारने एक भलामोठा तक्ता केला होता आणि रोज फायराबेंडनंतर, म्हणजे दोघांचं काम संपल्यावर, तो त्यात काहीतरी भरत बसायचा. सगळं ठरलं — रंग, सीट, सामानाची जागा — आणि गाडं एकाच गोष्टीवर अडलं. अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन घ्यायचं की नाही?

साध्या शब्दांत सांगते. डॅम्परमध्ये तेल असतं. ते किती सहज वाहू द्यायचं हे झडपा ठरवतात. साध्या गाडीत ते एकदा ठरतं आणि तसंच राहतं. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये गाडी रस्ता बघून क्षणोक्षणी बदलत राहते, शिवाय तुम्हीही स्क्रीनवरून मऊ किंवा कडक करू शकता. मऊ केलं तर खड्डा गाडीच्या पोटात जिरतो. कडक केलं की गाडी वळणावर डुलत नाही, पण प्रत्येक दगड पाठीपर्यंत पोचतो.

मंदारने मला विचारलं. मी म्हटलं, छोटी चाकं आणि जाड टायर घे, बाकी विसर, बहुतेकांना तेवढं पुरतं. हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी तो फोरमवरच्या कुणा अनोळखी माणसाचं मत घेऊन आला आणि मला समजावायला लागला. मला! जे काम मी रोज करते, ते. मग महिनाभर तेच. जेवताना तेच, इराला झोपवताना तेच, रविवारी फिरायला गेलं तरी तेच. मी काही बोलले की तो मान हलवायचा, जर्मनमध्ये ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, करायचा, आणि पुन्हा कुणालातरी फोन लावायचा. मी गाडीतली तज्ज्ञ, आणि माझ्याच घरात माझं मत तक्त्याच्या शेवटच्या ओळीत. वैताग म्हणजे किती वैताग यावा?

आणि मग त्याने आईंचं नाव काढलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. नाशिकला एकट्या असतात, उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे येतात. यायच्या, म्हणायला हवं. आदल्या वर्षी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. आमचं गाडीचं चाललं होतं त्या उन्हाळ्यात त्या इथेच होत्या, आणि आमच्या घरासमोरचा रस्ता जुना, गोल दगडांचा. या भागातल्या खेड्यांत असतो तसा. बाहेर कुठेही जायचं तर त्या दगडांवरूनच जायचं. मंदार म्हणाला, आईसाठी तरी ते सस्पेन्शन घेऊ.

इथे मी हो म्हणायला हवं होतं. कारण तो बरोबर बोलत होता. माझा छोट्या चाकांचा सल्ला धडधाकट माणसांसाठी होता. ऑपरेशन झालेली पाठ, मागची सीट आणि रोज दगडांचा रस्ता, हे तीन एकत्र आले की उत्तर बदलतं. हे मला त्याच्याआधी कळायला हवं होतं. कळलंही होतं. मी बोलले नव्हते, एवढंच.

पण माझ्या डोक्यात वेगळंच आलं. इराच्या वेळी मला आठवा महिना होता, कंबर इतकी धरायची की बूट घालता यायचे नाहीत. तेव्हाही हाच रस्ता होता, आणि गाडी त्याहून वाईट. तेव्हा कुणी तक्ता केला होता? मंदार म्हणायचा, थोडं हळू घेऊ. बस, तेवढंच. — हे सांगतेय, पण ते माझ्या बाजूने धरू नका. त्यात आईंचा काय दोष होता? त्या तर तेव्हा नाशिकहून फोन करून मला डिंकाचे लाडू कसे करायचे ते सांगत होत्या.

प्रोबेफार्टचा, म्हणजे गाडी चालवून बघण्याचा दिवस ठरला. मंदारनेच ठरवलं की आईंना घेऊन जायचं, दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावरून न्यायच्या, आणि त्या सांगतील ते करायचं. चांगली पद्धत होती. मीही अशीच आखली असती. इरा मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. विक्रेत्याने किल्ल्या दिल्या आणि तो आपल्या कामाला लागला. चालवायला मी. मंदारला मी म्हटलं, तू मागे आईंजवळ बस, म्हणजे तुलाही कळेल.

पहिली गाडी साधी. दगडांच्या रस्त्यावरून नेली, हायवेवरून परत आणली. आई म्हणाल्या, ठीक आहे, थोडी लागते.

मग दुसरी. मंदार मागे आईंच्या पाठीशी उशी नीट लावत होता, त्यांचा पट्टा बसवत होता. मी सीट पुढे घेतली. आरसे बघितले. आणि स्क्रीनवर गेले. नुसता स्पोर्ट मोड लावला असता तर इंजिनचा आवाज बदलला असता, स्टीअरिंग जड झालं असतं, मंदारलासुद्धा शंका आली असती. म्हणून मी स्वतःची सेटिंग्ज करता येतात त्या पानावर गेले, बाकी सगळं होतं तसं ठेवलं, आणि फक्त सस्पेन्शन सगळ्यात कडक टोकाला नेलं. उशी लावून व्हायच्या आत माझं झालं होतं.

हे मी केलं. इतकं सरळ आहे ते. कितीही फिरून आलं तरी शेवटी इथेच यावं लागतं.

त्याच दगडांवरून मी ती गाडी नेली. मागे आईंचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मी वेग कमी केला नाही. पहिल्या गाडीला जो वेग होता तोच ठेवला — चाचणी आहे ना, दोन्हीकडे वेग सारखा हवा. बघा, त्यातही मी नियम पाळत होते!

परत आलो तेव्हा आई म्हणाल्या, “मला तर पहिलीच जरा बरी वाटली. उगाच कशाला जास्तीचं घेता?”

मंदारचा चेहरा पडला. महिनाभराची मेहनत होती त्याची. मग तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, तुझंच बरोबर होतं, मी उगाच डोकं खाल्लं तुझं. आणि मला — हे लिहायला सगळ्यात जड जातंय — मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. किल्ली परत द्यायच्या आधी मी ते सेटिंग पुन्हा जागेवर नेऊन ठेवलं. रागाच्या भरात हातून झालं असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवली नाही.

ऑर्डर दिल्यावरही काही आठवडे बदल करता येत होता. मंदारने एकदा विचारलं, पक्कं ना? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी पक्कं. आणि दुधी चिरत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आई आल्या तेव्हा गाडी दारात होती. पहिल्याच रविवारी हार्झच्या डोंगरात गेलो. जुनी गावं, सगळीकडे दगडी रस्ते. मी आरशात बघत होते. आईंनी खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि डोळे मिटले होते. मंदारने विचारलं तर म्हणाल्या, गाडी छान आहे रे, माझीच पाठ खराब. तिथे पोचल्यावर त्या अर्धा तास बाकावर बसून राहिल्या. इरा त्यांना हात धरून उठवायला गेली, तर म्हणाल्या, तुम्ही या फिरून, मी इथून बघते सगळं.

त्यानंतर त्या टाळायला लागल्या. आज ऊन आहे. आज गुडघा दुखतोय. आज इराच्या आवडीची खीर करायचीय. आम्ही निघायचो आणि त्या दारात उभ्या राहून हात हलवायच्या. ज्या बाईला बाजारात नुसतं फिरायलासुद्धा आवडायचं, ती तीन महिने आमच्या बैठकीच्या खोलीत बसून राहिली.

एका रात्री मंदार म्हणाला, ते सस्पेन्शन घ्यायला हवं होतं का गं? तेव्हा तरी मी बोलायचं. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, तूच मागे बसला होतास, तुलाच फरक कळला नव्हता. चूक त्याची झाली असं त्याला वाटायला लागलं आणि मी ते तसंच राहू दिलं. पुढे गणपतीत कुणी नवी गाडी घ्यायची गोष्ट काढली, की तो सांगायचा: आमच्या घरी इंजिनिअर आहे, आम्ही दोन्ही चालवून बघितल्या, काही फरक नसतो. लोक माझ्याकडे बघायचे. मी मोदकाचं ताट पुढे करायचे.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, आई परत जायच्या दिवशी मंदार कामासाठी बाहेरगावी होता. हॅनोव्हरच्या विमानतळावर त्यांना सोडायला मी एकटीच गेले. त्यांना मी पुढच्या सीटवर बसवलं, पाठ जरा कलती करून दिली. आमच्या रस्त्यावरून मी गाडी अक्षरशः चालत नेली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, मी लक्ष दिलं नाही. मनात म्हणत होते, आता सांगते, हायवे लागला की सांगते. हायवे लागला. त्यांनी पुढच्या वर्षी येणार नाही असं सांगितलं, प्रवास झेपत नाही म्हणाल्या. मी फक्त मान हलवली.

विमानतळावर व्हीलचेअर घेऊन तिथे काम करणारी एक मुलगी आली. आईंनी तिच्या हातात पर्स दिली, आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, “किती जपून आणलंस गं मला. मंदारला नाही असं जमत. तुला माझी पाठ कळते.”

मी म्हटलं, “हो, आई.”

मुलगी त्यांना आत घेऊन गेली. वळणावरून त्यांनी हात हलवला. मीही हलवला.