गड्ड्यातलं विमान

माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, पोरांना घेऊन कुठल्याशा मोठ्या थीम पार्कात जाऊन आली आणि दोन दिवस माझ्या फोनला उसंत नाही. पाण्यात घसरणारी पोरं, उलटी टांगलेली पोरं, प्लास्टिकच्या राक्षसाच्या जबड्यात डोकं घातलेली पोरं. मी प्रत्येक फोटोखाली अंगठा टाकत गेले, कारण नाही टाकला तर तिचा फोन येतो, ‘आत्या, बघितले नाहीत का?’ मग एका सकाळी घरच्या ग्रुपवर तिनं आमचेच जुने फोटो टाकले. वर लिहिलं होतं, ‘आमच्या आत्यांचं थीम पार्क!’ मोबाइलमधल्या कसल्याशा करामतीनं तिनं ते रंगवलेही होते.

सोलापूरच्या माणसाला गड्डा समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते आणि तिच्या निमित्तानं होम मैदानावर पुढं बरेच दिवस जत्रा चालते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. आकाशपाळणा, मौत का कुआँ, वेडेवाकडे आरसे, धुळीत तळलेली भजी. सत्तरच्या दशकात आमच्या घरात कॅमेरा असण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षातून एकदा फोटो निघायचा, तो गड्ड्यात. तिथं एका फोटोवाल्याकडं पुठ्ठ्याचा चंद्र होता, ढग रंगवलेला पडदा होता आणि प्लायवूडचं एक विमान होतं.

भाचीनं टाकलेल्या पहिल्या फोटोत माझा भाऊ चंद्रावर बसून भोकाड पसरतोय. दुसऱ्यात मी आहे, दोन वेण्या आणि कपाळाला आठ्या. त्या आठ्या अजून आहेत. तिसऱ्यात माझी मोठी बहीण, आमची अक्का, विमानात पुढच्या जागेवर बसलीय. डोक्यावर पायलटची टोपी, डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा काळा चष्मा, आणि हसू असं की आता विमान उडालंच. भाचीच्या मोबाइलनं तिचं लुगडं जांभळं केलं होतं. ते हिरवं होतं. आमच्या आईचं, अव्वाचं, हिरवं इरकल. मला नुसत्या त्या जांभळ्या रंगानं इतका संताप आला की गॅसवर चहा ठेवलाय हेही विसरले. चहा उतू गेला, शेगडी पुसली, परत फोन घेतला, परत तोच फोटो. बसवेना आणि उठवेना.

मग मी काय करायचं ते केलं. या फोटोची गोष्ट ग्रुपवर लिहून टाकली. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय की मध्येच झोपेतून उठवलं तरी सांगेन.

अक्का तेव्हा अकरावीला होती. अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, आणि मार्चमध्ये परीक्षा. आमच्या वडिलांचं, अप्पांचं, सुताचं दुकान होतं, विणकरांना सूत विकायचे. अव्वा अक्कलकोटच्या पलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. रागावली की तिच्या तोंडून अजून कानडीच बाहेर पडायची. त्या संक्रांतीच्या सुमारास एकदा अप्पा जेवताना तिला म्हणाले, “वैरागचं स्थळ हाय. चांगली मान्सं हायेत, जमीन हाय. गड्ड्यात येनार हायेत, तितंच बघून घेतील. पोरीला सांगू नगं.”

हीही एक रीत होती. घरी बोलावून मुलगी दाखवायची आणि नकार आला की गल्लीभर कळतं, मुलीचं नाव निघतं. म्हणून जत्रेत बघायचं. मुलीला वाटावं आपण फिरायला आलोय, बघणाऱ्यांनी जवळून जावं, चार शब्द बोलावेत, आणि पसंत पडली तर पुढची बोलणी. पसंत नाही पडली तर कुणी कुणाला बघितलंच नाही. मी दाराआड होते आणि माझ्या पोटात काही राहत नसे. पण मी तोंड उघडायच्या आत अव्वानं माझा दंड धरला आणि म्हणाली, “सुम्मनिर.” गप्प बस. तिचा हा एक शब्द आम्हा तिघांना पुरायचा.

अक्काला मॅट्रिक व्हायचं होतं, पुढं शिकून मास्तरीण व्हायचं होतं. ती पहाटे उठून भूमिती करायची. लग्न ठरलं असतं तर परीक्षा राहिली असती, कारण वैरागच्या लोकांना लग्न उन्हाळ्याच्या आत हवं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. ते दोन-तीन दिवस मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. अव्वानं अक्काला इरकल नेसवलं तेव्हा अक्का म्हणाली, “अगं, हे नेसून पाळण्यात कशी बसू?” आणि मी ओठ चावत उभी राहिले.

अप्पांनी ठरवलं होतं की फोटोवाल्यापाशी गाठ पडेल. विमानाला दोन जागा होत्या. पुढं पायलटची, तिथं पुरुष बसायचे, टोपी-चष्मा घालून. मागं बाईमाणसांनी बसायचं, हात मांडीवर ठेवून. अक्कानं मागं बसायचं, म्हणजे चेहरा नीट दिसेल, असं अप्पांनी अव्वाला बजावलं होतं. वैरागचं जोडपं आलं. फेटेवाला म्हातारा, त्याची बायको, हातात हुरड्याची पिशवी. मुलगा कुठंतरी गर्दीत होता. अप्पा मला हाताशी धरून त्यांच्याशी बोलायला गेले, जणू आत्ताच अचानक भेट झाली. मी त्या म्हाताऱ्याच्या मिशा बघत होते. मिशा खरंच बघण्यासारख्या होत्या.

आणि मागून फोटोवाल्याचा आवाज आला, “हिलो नक्को, बेटी!” आम्ही वळून बघतो तर अक्का पुढं! पायलटच्या जागेवर! टोपी, चष्मा, सगळं. वर ती ओरडतेय, “चालले बघा पुन्याला! येतंय का कुनी?” आजूबाजूची माणसं हसायला लागली. मुलगी बघायला आलेल्यांनी चष्मा बघितला आणि हुरडा आमच्या हातात देऊन ते गेले. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, “पोरगी लई आगाव हाय. आमच्या घराला झेपायची न्हाय.” अप्पा आठवडाभर अक्काशी बोलले नाहीत. अक्का मॅट्रिक झाली, डी.एड. झाली, शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. पहिली नोकरी लागली तेव्हा अव्वानं तो फोटो चौकटीत बसवून ओसरीवर लावला, आणि अप्पा म्हणाले, “त्या चष्म्याचं काय कवतिक.”

गोष्ट इथं संपते. निदान मी इथं संपवत असे. माझ्या म्हणण्याप्रमाणे अक्काला आतून सगळं कळलं होतं, तिनं मुद्दाम टोपी घातली आणि एका चष्म्यानं अख्खं लग्न उडवून लावलं. माझ्या लग्नाच्या वेळी मी घरात रणकंदन केलं ते याच फोटोकडं बघून. ऑफिसात भांडले, गल्लीत नळावरून भांडले, नवऱ्याशी तर रोजच, आणि दरवेळी मनात म्हटलं, अक्काची बहीण आहे मी.

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. भाचीनं लिहिलं, ‘मोठी आत्या रॉक्स!’ मी समाधानानं दुसरा चहा ठेवला तेवढ्यात अक्काचा फोन आला.

“तू हे काय लिहिलंस?”

“खरं तेच लिहिलं की.”

“खोटं आहे सगळं. मला कुठं काय माहीत होतं? मी आपली मागच्या जागेकडं चालले होते. अव्वानं मला दंडाला धरून पुढं बसवलं. टोपी तिनं घातली, चष्मा तिनं घातला. ‘जोरात हस,’ म्हणाली, ‘पुन्याला चालले म्हण.’ मी म्हटलं.”

अव्वा! जी अप्पांच्या ताटात वाढताना मान वर करत नसे, ती अव्वा. मी म्हटलं, “अगं, मग तर अजूनच भारी की! अव्वानं तुला वाचवलं.” मी लगेच गोष्टीची नवी आवृत्ती मनात जुळवायला लागले, त्यात अव्वा किती छान बसत होती. पण अक्का म्हणाली, “पुरं गं.”

“काय झालं?” मी विचारलं.

“ते विमान डुगडुगायचं. मी बसले तसं एका बाजूला कललं. तर गर्दीतनं एक मुलगा पुढं आला आणि त्यानं पंख धरला. ‘बसा निवांत, मी धरलंय,’ म्हणाला. मी पुन्याला चालले म्हटल्यावर हसला. मला तो कोण ते नंतर कळलं. मध्यस्थ दारात निरोप सांगत होता तेव्हा. ‘विमानाचा पंख धरला तोच मुलगा,’ म्हणाला.”

“वैरागचा?”

“तोच.”

मी खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले, परत आले. “म्हणजे तुला तो...”

“आवडला होता गं. इतकंच. चांगला वाटला होता. मी अव्वाला म्हटलंही, परत एकदा निरोप धाडता येईल का? मी चष्मा काढून बसते म्हटलं, मागच्या जागेवर बसते. तर ती म्हणाली, सुम्मनिर, परीक्षा आलीय.”

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग नेमका कुणाचा ते कळेना. अप्पांचा म्हणावा तर ते जुन्या वळणाचे. अव्वाचा म्हणावा तर तिनं लेकीला उभं केलं. मी म्हटलं, “पण अक्का, तू शिकलीस. तुला शिकायचंच होतं ना?”

“होतं की. अजूनही वाटतं, बरं झालं शिकले. नवराही चांगला मिळाला, कशाचं वाईट म्हणू? पण दोन्ही बाजूंनी ठरवून झालं, मधे बसलेल्या मला कुणी विचारलं न्हाय.” मग ती जराशी हसली. “आणि तू तर मला जन्मभर वाघीण करून ठेवलंस. मला साधं झुरळ मारता येत नाही.”

फोन ठेवला तरी माझे पाय ठरेनात. देवघर पुसलं. पुसलेलं परत पुसलं. त्या मुलानं घरी काय सांगितलं असेल? म्हाताऱ्यानं त्याला तरी विचारलं असेल का? आता तो असला तर सत्तरीच्या घरात असेल, वैरागला कुठंतरी नातवंडांवर ओरडत असेल. आणि मग माझ्या डोक्यात आलं की फोटो. तो पंख धरून उभा असेल तर फोटोत दिसायला हवा. पण ओसरीवरचा तो फोटो मी हजारदा बघितलाय, त्यात पंखाचं टोक नाहीच. चौकटीपाशी विमान तुटतं.

मी भाचीला फोन लावला. “तो विमानाचा फोटो तू चौकटीतून काढलास का?”

“हो आत्या, काचेतून नीट येत नव्हता. आणि गंमत म्हणजे फोटोची एक कड मागं दुमडलेली होती. उलगडली तर कुणीतरी भलताच माणूस मधे आलेला. मी त्याला कापून टाकला.”

“खरा फोटो कापलास?” मी इतक्या जोरात ओरडले असणार की तिकडं तिची पोरं गप्प झाली.

“नाही नाही, मोबाइलमधला. खरा तसाच आहे.”

“आत्ताच्या आत्ता पूर्ण पाठव. रंगवू नकोस. काहीच करू नकोस त्याला.”

दुमडलेली कड. अव्वानं ती दुमडली होती. चौकट तिनं आणली, काच तिनं पुसली, खिळा तिनं ठोकून घेतला. फोटो मोठा आणि चौकट लहान म्हणून तिनं नाइलाजानं दुमडला असेल का? असेलही. पण दुमडायला दोन कडा होत्या, आणि डावीकडं नुसते रंगवलेले ढग होते. ही गोष्ट मी अव्वाला विचारू शकत नाही. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली.

फोटो आला. घडीची पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत गेलेली. रेघेच्या अलीकडं अक्का, चष्म्यात, हसताना. रेघेच्या पलीकडं विमानाचा उरलेला पंख आणि त्यावर दोन्ही हात ठेवलेला एक सडपातळ मुलगा. पांढरा सदरा, बाह्या दुमडलेल्या. तो कॅमेऱ्याकडं बघतच नाहीये. तो अक्काकडं बघतोय.

मी तो ग्रुपवर टाकला नाही. फक्त अक्काला पाठवला आणि तिला फोन लावला.

“बघितलास का?”

मागं तिच्या घरात मिक्सर चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

“हसतोय की गं तो,” अक्का म्हणाली. “मला वाटायचं, ते मीच मनानं रचलं.”