केदारखेड्याच्या स्लॅबची साखर

सकाळी जालन्याच्या प्लांटमधून मिक्सर बाहेर काढला तेव्हा मागच्या ड्रममध्ये काँक्रीट होतं. एकट्याने गाडी नेण्याचा पहिलाच दिवस. आठवीत शाळा सोडलेल्या मला प्लांटवरच्या शेखभाईंनी कागदपत्रांपेक्षा हात बघून ठेवून घेतलं, हे उपकार मी विसरणार नाही. निघताना ते म्हणाले, "डरू नको. ड्रम फिरता ठेव अन् जल्दी रिकामा कर. माल आत जमला तर छिन्नी घेऊन तुलाच आत उतरायचंय." एवढं ऐकल्यावर कोण डरणार नाही?

मी देवगडचा. आपल्याकडे जमीन खणली की लाल चिरा. इथे डोंगर फोडला तरी आत काळाच दगड. त्याच्या गिट्टीचे (आपण खडी म्हणतो) ढीग मागे पडले, कपाशी सुरू झाली आणि एका वळणावर मेंढरं आडवी आली. मेंढपाळ ड्रमकडे बघतच राहिले.

"काय दळून राह्यले एवढं?"

"काँक्रीट."

"बंद कर ना मंग. मेंढरं बुजून राह्यलेत."

"बंद नाही करता येत, काका!"

"मंग मेंढरं बी न्हाई हलत," म्हणून ते काठी टेकून उभे राहिले. तिथेच वीस मिनिटं गेली.

केदारखेड्यात पोहोचलो. दारावर पंचशील ध्वज, छतावर सळ्यांची जाळी, पंप तयार. घराच्या मालकीणबाई, कांताबाई, पदर खोचून समोर आल्या.

"थांब बाबा. पह्यलं घमेलं माझा भाऊ टाकीन."

"कुठे आहेत ते?"

"भोकरदनहून निघाला. एसटी बंद पडली म्हणं."

मी हात जोडले. "मावशी, माल जमेल!"

"बारा वर्सं आम्ही दोघांनी लोकाच्या स्लॅबाची गिट्टी डोक्यावर वाहिली. आज माझा स्लॅब हाय. त्याच्याबगर न्हाई."

ऊन चढलं. मी दर पाच मिनिटांनी ड्रमला हात लावून बघत होतो, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. शेवटी शेखभाईंना फोन केला.

"साखर टाक," ते म्हणाले. "एक किलो, बराबर पाण्यात विरघळवून. जमायला वेळ लागंल. त्याच्यावर एक चिमूट न्हाई."

साखर होती, पण कांताबाईंच्या चुलीजवळ. एकच किलोची पुडी, आणि दुकानदार बाजाराला गेला होता.

"ही शिऱ्याची हाय," त्यांनी पुडी मागे लपवली. "भावाला शिरा आवडतो."

"मावशी, उशीर त्यांच्यामुळेच झालाय ना?"

त्यांनी पुडी माझ्या हातात आपटली. "घे! त्याच्या वाट्याचीच जाऊ दे."

मी देवाचं नाव घेत साखरेचं पाणी ड्रममध्ये ओतलं. तासाभराने भाऊ आला, घामाघूम, कुणाच्या तरी फटफटीवर. मी ड्रमखाली पहिलं घमेलं भरलं. माल अजून मऊ होता. ते घमेलं त्याने जुन्या सवयीने डोक्यावर घेतलं आणि शिडी चढला. खाली कांताबाई डोळे पुसत ओरडल्या, "नीट टाक रे! आपलंच हाय!" मग पंप सुरू झाला आणि ड्रम रिकामा झाला.

पंगतीला तिखट उपीट आलं. भावाने ताट न्याहाळलं.

"आक्का, शिरा करणार व्हती ना?"

कांताबाईंनी बोट वर केलं. "शिरा वर घातलाय."

स्लॅब जमेपर्यंत शेखभाईंनी मला तिथेच थांबायला सांगितलं. संध्याकाळी स्लॅबमध्ये अजून अंगठा रुतत होता; साखर जास्त झाली की काय? सकाळी कांताबाई भावाला घेऊन वर गेल्या आणि दोघांनी टाचा आपटून बघितल्या. स्लॅब दगडासारखा!

परतताना रिकामा ड्रम हलका वाजत होता आणि शेजारच्या सीटवर शिऱ्याचा डबा होता, नव्या साखरेचा. मला वाटायचं, वेळेत झालं नाही ते वाया गेलं. बारा वर्षं गिट्टी वाहिलेल्या बाईला तासाभराची भीती नव्हती. तिच्याकडे बघून माझीही थोडी उतरली.

थोडीच. तेव्हापासून माझ्या केबिनमध्ये एक किलो साखर असते. आई फोनवर विचारते, एवढी कशाला? मी सांगतो, चहाला.